पूर्णगडकडची मुलगी आणि भूक वाढवायची गोळी

बाई,

त्या पूर्णगडकडच्या मुलीचं पुढे काय झालं, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्याच औषधांवर होती आणि मी कोल्हापुरात मानसोपचाराचं पुढचं शिक्षण घेत होतो. तुमच्या कंपाउंडरचा ट्रंककॉल आला तोवर सगळं आटोपलं होतं. मी आंबा घाट उतरून रत्नागिरीला आलो, बंद दवाखान्यासमोर थोडा वेळ उभा राहिलो आणि मिळेल त्या एस.टी.ने परत गेलो. रडू आलं नाही. तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर मी सांगतो, माझ्या पहिल्या शिक्षिका, मनोविकारतज्ज्ञ होत्या, एकट्या राहायच्या, कमी बोलायच्या. तेवढ्यावर भागतं. या मुलीची गोष्ट मात्र तेवढ्यावर भागत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. मुलगी म्हणतो खरा, पण ती आज आजी आहे.

ऐंशीच्या दशकाची ती अखेरची वर्षं. सरकारी नोकरी संपवून तुम्ही मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दवाखाना काढला होता. पुढे तपासायची खोली, मध्ये तुमची कॉट आणि मासिकांचे गठ्ठे, मागे स्वयंपाकघर. मी नुकताच डॉक्टर झालेलो, पुढच्या शिक्षणाला जागा मिळेपर्यंत तुमच्या हाताखाली काम करत होतो. आपल्याकडे येणारी माणसं सहसा सगळे उपाय करून थकलेली असायची. गावच्या देवळात कौल लावून झालेला, दर्ग्यावर जाऊन झालेलं, मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलेलं टॉनिक संपलेलं. मग कुणीतरी म्हणायचं, बाईंकडे नेऊन बघा.

तिला तिची सासू घेऊन आली. नवरा जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणारा. मुलीचं वय विशीच्या जरा पुढे, कडेवर रांगण्याच्या वयाचं पोर, तेही मुलगीच. विहिरीवर पाणी भरताना दोन बायका आपल्याबद्दल बोलतात, असं तिला ऐकू यायचं. बायका दिसायच्या नाहीत. हे पोर तुझं नव्हे, इथेच ठेवून जा, असं त्या सांगायच्या. एकदा तिने खरोखरच पोर विहिरीच्या कठड्यावर बसवलं आणि कळशी घेऊन घरी आली. शेजारीण धुणं धुवायला आली होती म्हणून पोर वाचलं. सासूने हे सांगितलं तेव्हा मुलगी शांतपणे ऐकत होती, जणू दुसऱ्याच कुणाची हकिकत चालली आहे. तुम्ही तिला फक्त एक विचारलं, "आत्ता बोलतायत का त्या?" ती म्हणाली, "तुमचा आवाज आला की थांबतात. मग परत चालू."

स्किझोफ्रेनिया. तुम्ही हॅलोपेरिडॉल सुरू केलं. त्या काळी आपल्या हाती तेच होतं, किंवा तसलंच काही. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य ज्या जागांवर, ज्या रिसेप्टरांवर बसतं, त्या जागा ही औषधं अडवून धरतात. जागा अडल्या की आवाज थांबतात. तिचेही थांबले. पण शरीराची हालचाल सुरळीत चालायलाही तेच डोपामिन लागतं आणि औषधाला दोन्हींतला फरक कळत नाही. पुढच्या खेपेला ती आली ती लाकडाच्या बाहुलीसारखी. चालताना हात हलत नव्हते, तोंडाच्या कडेला लाळ, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. बाकावर बसवली की उठायची, उठली की परत बसायची. सासू म्हणाली, "बडबड थांबली, बाई. पण माणूसच थांबला. पोर रडताय नि ही नुसती बघत ऱ्हाते." कंपावर देतो ती नेहमीची गोळी तुम्ही जोडलीत. थरथर कमी झाली, पण तोंड कोरडं पडायला लागलं आणि चुलीवर दूध ठेवलं की ती विसरायला लागली.

त्या दिवशी केसपेपरवर मी लिहिलं होतं, "रुग्ण एका जागी बसण्यास सहकार्य करत नाही." संध्याकाळी तुम्ही तो कागद माझ्यासमोर ठेवलात. आवाज चढवला नाहीत. "ही गोळी मी एकदा घेतली होती," तुम्ही म्हणालात. "शिकत असताना. एकच. दुपारपासून पायांत असं काही सुरू झालं की मी वसतिगृहाच्या गच्चीवर चालत सुटले. बसवेना, पडवेना, आणि का ते सांगताही येईना. तू लिहिलंयस ते खोडून टाक. ती सहकार्य करत नाही असं नाही. तिला बसवत नाही." मी खोडलं. पुढच्या सगळ्या वर्षांत सहकार्य हा शब्द मी कुठल्याही पेशंटच्या कागदावर लिहिला नाही. तो नियम म्हणून पाळला असं नव्हे, हातच तिथे थांबतो.

नंतर एका सकाळी सासू एकटीच आली. मुलीने गोळ्या बंद केल्या होत्या. रोज सकाळी तोंडात टाकून मागच्या दारी थुंकत होती, आणि परत विहिरीजवळ उभी राहून कुणाशी तरी बोलत होती. तुम्ही कंपाउंडरला म्हणालात, "आज दवाखाना बंद सांग." आपण तिघं एस.टी.ने निघालो. भाट्याचा पूल ओलांडल्यावर सासूने पदराला डोळे पुसले आणि सांगितलं, की लेक पुढच्या महिन्यात येतोय, भावकीतली माणसं म्हणतायत हिला माहेरी पोचवा आणि पोर इथे ठेवा. तुम्ही विचारलंत, "आणि तुम्ही काय म्हणता?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी म्हणून काय होतंय?"

त्यांचं घर खाडीच्या बाजूला, समोर खारं पाणी बांधाने अडवून केलेली खाजणाची शेती. मुलगी अंगणात येरझाऱ्या घालत होती. तुम्ही पायरीवर बसलात आणि तिला बस म्हणाला नाहीत. ती चालत राहिली, तुम्ही बोलत राहिलात.

"गोळ्या का थुंकतेस गो?"

"गोळी घेतली की त्या बायका गप होतात."

"मग?"

"मग माझा तोंडपण गप होता. पोर माझ्याकडं बघून हसताय. मला परत हसायला येत नाय. मी आतनं हसते. त्याला ता दिसत नाय." ती अंगणाच्या टोकाला जाऊन वळली आणि म्हणाली, "मग ता सासूकडं जाता."

मला अजून तो क्षण वर्तमानकाळातच दिसतो. तुम्ही पायरीवर बसला आहात. सासू दारात उभी आहे आणि तिला हे पहिल्यांदाच कळतं आहे. पोर ओटीवर एक रिकामा डबा वाजवतंय. एवढ्या दिवसांत आपण तिघांनी तिच्या लाळेबद्दल, थरथरीबद्दल, झोपेबद्दल विचारलं होतं. पोराकडे बघून हसता येतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. निघताना तुम्ही गोळ्या परत सुरू करवल्यात, डोस थोडा उतरवून. सासूला सांगितलंत की दोन्ही वेळच्या गोळ्या तिने सुनेच्या हातात द्यायच्या आणि पोर सुनेजवळ द्यायचं, पण स्वतः शेजारी बसायचं. मुलीला म्हणालात, "मला थोडे दिवस दे. काही सुचतंय का बघते."

घरी आल्यावर मधल्या खोलीतल्या गठ्ठ्यांमधून तुम्ही काही झेरॉक्स पानं काढलीत. मुंबईच्या तुमच्या वर्गमैत्रिणीने कॉलेजच्या लायब्ररीतून पाठवलेली. युरोपात काही डॉक्टर नेहमीच्या औषधाला एका नव्या औषधाची जोड देऊन बघत होते. हे नवं औषध डोपामिनच्या वाटेला जात नव्हतं. ते सेरोटोनिनचे काही ठरावीक रिसेप्टर अडवत होतं. आणि शरीराचा ताठरपणा कमी होतो, चेहऱ्यावर काहीसं जिवंतपण येतं, असं त्यांना वाटत होतं. तुम्ही मला समजावलंत की हालचालीचं काम बघणाऱ्या भागात सेरोटोनिन डोपामिनला दाबून धरतं. तो दाब काढला तर तिथे थोडं जास्त डोपामिन सुटेल, अंग मोकळं होईल, आणि आवाज जिथून येतात तिथला बंदोबस्त तसाच राहील. निदान कागदावर तरी. ते औषध भारतात मिळत नव्हतं. कुठेच मिळत नव्हतं, ते अजून तपासणीत होतं. मी म्हणालो, "मग काय उपयोग?" तुम्ही म्हणालात, "सेरोटोनिन अडवणारं आपल्या दुकानात काय आहे, ते सांग." तुम्ही उठून कपाटातली गोळी काढून टेबलावर ठेवलीत. सायप्रोहेप्टाडीन. अंगावर पित्त उठलं की देतो ती. पोरं जेवत नाहीत म्हणून आया जिचं सिरप मागायला येतात ती.

ती तुम्ही आधी स्वतः घेतलीत. त्या आठवड्यातलं तुमचं स्वयंपाकघर मला चांगलं आठवतं, कारण तुम्हाला मन लावून जेवताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. एरवी तुम्ही ताटात काय आहे याकडे न बघता जेवायच्या. त्या दिवसांत तुम्ही भात वाढून घेत होतात, कुळथाचं पिठलं परत घेत होतात, मग सोलकढी, मग पुन्हा भात. मी बघतोय हे लक्षात आल्यावर तुम्ही म्हणालात, "लिहून ठेव. भूक प्रचंड. झोप सकाळी अकराच्या सुमाराला असह्य. विचार करायला जड जातं. तिला हे सगळं आधी सांगायला हवं." त्या दुपारी तुम्ही तपासायच्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून झोपून गेलात आणि कंपाउंडर बाहेर लोकांना सांगत होता की बाई मीटिंगमध्ये आहेत.

मग सासू-सून दवाखान्यात आल्या. मी पुढे शेकडो वेळा पेशंटना औषध समजावून सांगितलं, पण त्या दिवसासारखं मला कधी जमलं नाही. तुम्ही सासूला म्हणालात, "तुमच्या खाजणाला बांध आहे ना? खारं पाणी आत येऊ नये म्हणून?" ती हो म्हणाली. "मी हिच्या डोक्यात तसा बांध घातला. खारं पाणी थांबलं. पण पावसाचं पाणीही आतच तुंबलं आणि भात कुजायला लागला. बांध मी फोडणार नाही. फोडला तर त्या बायका परत येतील. पण बांधाला तुमच्याकडे उघाडी असते की नाही, आतलं पाणी सोडायला?" सासू म्हणाली, "असते." "ती मी शोधतेय. सापडलीय असं नाही." मग तुम्ही खुर्ची वळवून मुलीकडे केलीत आणि सासूकडे पाठ झाली तरी चालेल असं बसलात. "ही गोळी या आजाराची नाही. या कामासाठी मी ती कुणाला दिलेली नाही. झोप येईल, भूक लागेल, अंग सुटेल. उपयोग होईलच असं मी म्हणत नाही. नको म्हणालीस तर मी रागावणार नाही."

तिने विचारलं, "मला हसायला येईल?"

"माहीत नाही."

तिने पायांकडे बघितलं. पाय हलतच होते. "द्या," ती म्हणाली.

कंपाची गोळी बंद झाली, ही सुरू झाली. दर खेपेला तुम्ही तिला दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावायच्या आणि काही न बोलता बघायच्या. पहिल्यांदा पाय शांत झाले. ती बाकावर बसली आणि बसूनच राहिली, आणि सासूने माझ्याकडे बघून मान हलवली. मग चालताना उजवा हात थोडा हलायला लागला. चेहऱ्याचं मला ठरवता येत नव्हतं. मी कागदावर लिहिलं, चेहरा सुधारला. तुम्ही ते वाचून म्हणालात, "तुला सुधारायला हवाय म्हणून तुला दिसतोय. मलाही दिसतोय. आपल्या दोघांचं धरायचं नाही." मग कुणाचं धरायचं, हे तुम्ही सांगितलं नाही. ते पुढच्या खेपेला सासूनेच सांगितलं. "काल पोर माझ्या मांडीवरनं उठला नि आपणहून हिच्याकडं गेला. मी हाक मारली तरी आला नाय." हे सांगताना तिला जरा वाईटही वाटत होतं, हे माझ्या लक्षात आलं. तुम्ही मुलीला विचारलंत, "विहिरीवर कोण असतं आता?" ती म्हणाली, "काल बायका होत्या दोन." आपण दोघं थबकलो. "खऱ्या," ती म्हणाली, आणि तेव्हा तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. ते मी बघितलं. धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

नवरा आला तो दाढी वाढलेला, बुजलेला, माझ्याच वयाचा माणूस. भावकीने त्याला बरंच ऐकवलं असावं. त्याने बायकोला बाहेर बसवलं आणि तुम्हाला विचारलं, "बाई, खरा सांगा. ही बरी होणार काय?"

"पूर्ण बरी होईल असं मी सांगणार नाही. गोळ्या जन्मभर लागतील. मध्ये मध्ये त्रास परत होईल."

"मग माणसं म्हणतायत त्यात चूक काय?"

"चूक-बरोबर मला नका विचारू. ती घरी काय करते ते मला सांगा."

त्याने विचार केला. "काल मी जहाजावरची एक गंमत सांगत होतो. पोरीला. ही आतनं आली नि म्हणाली, हीच गंमत गेल्या वर्षी सांगितली होतीत." त्याने दाराकडे बघितलं. "माझ्या ध्यानात नव्हता. तिच्या होता."

तो उठला, बाहेर गेला, आणि दोघं एस.टी. स्टँडकडे चालत गेली. माहेरी पोचवायचा विषय पुढे निघाला नाही. सासूने भावकीला काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही.

मी हुरळलो होतो. हे एखाद्या मासिकाला लिहून पाठवू या, असं मी म्हणालो. तुम्ही चहा गाळत होतात. "काय लिहिशील? एक बाई. एक गोळी सुरू केली, त्याच वेळी दुसरी बंद केली, मोठ्या गोळीचा डोस आधीच उतरवलेला, सासू शेजारी बसायला लागली आणि नवरा घरी आला. यातलं कशाने झालं?" तुम्ही कप माझ्यापुढे सरकवलात. "तिला बरं वाटतंय ते वाटू दे. आपल्याला कळलं असं समजू नकोस." मला तेव्हा हा कोरडेपणा वाटला. तुमच्याबद्दल माझं मन थोडं कडू झालं होतं, आणि त्याच पावसाळ्यात मला कोल्हापूरला जागा मिळाली. निघताना तुम्ही मला तुमचा गुडघ्यावर मारायचा जुना हातोडा दिलात, रबर झिजलेला. "नवीन रबर बसवून घे," एवढंच म्हणालात.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. तुमच्यानंतर ती मला शोधत कोल्हापूरला आली, आणि मग वर्षातून दोनदा येत राहिली. नव्वदच्या दशकात नवी औषधं आली. एकाच गोळीत दोन्ही कामं, डोपामिनही अडवायचं आणि सेरोटोनिनचा तो रिसेप्टरही. तुमच्या झेरॉक्स पानांत ज्याचा नुसता अंदाज होता, ते आता दुकानात पाकिटात मिळायला लागलं. पहिल्यांदा मी ते लिहून दिलं तेव्हा माझ्यासमोर एक कॉलेजचा मुलगा होता. तो ताठरला नाही. त्याची आई सारखं म्हणत होती, हा आधीसारखाच दिसतो. मी पूर्णगडच्या मुलीलाही बदल सुचवला. तिने साफ नकार दिला. "बाईंची गोळी आहे ती," म्हणाली. मी सगळी शास्त्रं सांगून बघितली. काही वर्षांनी तिचं तोंड आपोआप हलायला लागलं, काही चघळत असल्यासारखं. जुन्या औषधाचा तो उशिरा वसूल होणारा परिणाम. तुम्ही जोडीला दिलेली गोळी त्याला थांबवू शकली नाही. तेव्हा तिने मला विचारलं, "बाई असत्या तर त्यांनी बदलली असती?" मी म्हणालो, "त्यांनी तुला विचारलं असतं." मग ती तयार झाली. चघळणं बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

नवी औषधं तुम्हाला वाटली असती तेवढी चांगली निघाली नाहीत, हेही लिहायला हवं. माणसं ताठरत नाहीत, पण फुगतात. मधुमेह होतो. तिलाही झाला. आणि ज्यांचा उत्साहच विझून गेलेला असतो, कुणाशी बोलावंसं, कुठे जावंसं वाटत नाही, त्यांच्यावर ही औषधं पहिल्यासारखीच तोकडी पडतात. सेरोटोनिनचे रिसेप्टर किती प्रकारचे आहेत ते आता शिकवताना मुलांना पाठ करावं लागतं, आणि त्यातला कुठला अडवला की काय होतं, याबद्दल अजून वाद चालतात. कशाने झालं, हा तुमचा प्रश्न अजून तसाच आहे. फक्त आता तो जास्त माणसं विचारतात.

तिची ती पोर आता पस्तिशीच्या पुढे गेलेली बाई आहे, पावसला शाळेत शिकवते. नवरा जहाज सोडून घरी आला, आंब्याची चार कलमं बघतो. सासू जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात तिची सगळी सेवा सुनेनेच केली. मध्ये दोनदा त्या बायका परत आल्या होत्या, दोन्ही वेळा तिने स्वतःच फोन करून मला सांगितलं.

गेल्या महिन्यात मी कोल्हापूरचा माझा दवाखाना बंद केला. डोळे नीट साथ देत नाहीत. शेवटच्या आठवड्यात ती मुलीबरोबर आली होती. मी तिला रत्नागिरीतल्या एका तरुण डॉक्टरकडे जायला सांगितलं, तो चांगला आहे, ऐकून घेतो. ती म्हणाली, "बघते." निघताना काही विशेष बोलली नाही. तिच्या मुलीने वाकून नमस्कार केला, ती मात्र नुसती हात हलवून गेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. तिची हकिकत तुम्हाला कळावी म्हणून लिहितोय, असं मी वर म्हटलं. ते अर्धंच खरं आहे. ती गेल्यावर मी टेबल आवरलं, जुने कागद चाळले, आणि त्यातल्या कितीतरी कागदांवर असं काही लिहिलेलं सापडलं की जे मला दिसायला हवं होतं म्हणूनच दिसलं असावं. त्या वेळी मला एवढंच वाटलं, की आता ते समोर ठेवून आवाज न चढवता मला रागावेल असं कुणी उरलेलं नाही.